नाक्यावरची जकात, घरातली ज़कात



गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गावर मराठीचा तास घेत होते. उताऱ्यात एक वाक्य आले. व्यापाऱ्याने जकात चुकवली म्हणून नाक्यावर त्याचा माल अडवला, असे काहीसे ते होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "टीचर, जकात चुकवली तर गुनाह होतो, ते बरोबर. पण माल कशाला अडवायचा? जकात तर माणूस स्वतः हिशेब करून देतो ना?"

वर्ग हसला. पण प्रश्न चुकीचा नव्हता. उर्दू माध्यमाच्या मुलीने जन्मापासून एकच ज़कात ऐकलेली. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी इतका निसाब असेल, त्यावर वर्ष उलटले असेल, तर अडीच टक्के. रमजान आला की अम्मी कपाटातून दागिने काढते, अब्बू कागदावर आकडे मांडतात आणि पैसे बाजूला ठेवले जातात. तिथे नाका नाही, शिपाई नाही, पावती नाही.

मराठीतली जकात मात्र वेगळी. शब्द तोच, अरबीतून दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरांत आला, तिथून मराठ्यांच्या कागदपत्रांत गेला आणि येता येता त्याचा अर्थ बदलला. मालाच्या ये-जा करण्यावर राज्य जे घेते ती जकात. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. गोव्याकडच्या बारदेशातून येणारे स्वस्त मीठ आपल्या कोकणातल्या मीठ पिकवणाऱ्यांना बुडवील, म्हणून त्यावर जबर जकात बसवा, असा त्यात हुकूम आहे.

मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले. एकाच्या 'ज'खाली नुक्ता दिला. या लेखातही तसेच करते. नुक्ता दिसला की घरातली ज़कात समजा, नसला की नाक्यावरची.

अब्बांची ईद

हा फरक मला शाळेत जाण्याआधीच कळला होता, कारण माझे अब्बा टेम्पो चालवायचे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून यंत्रांचे ओतीव सुटे भाग भरायचे आणि पुण्याच्या कारखान्यांना आणून द्यायचे. रात्रभर गाडी चालवून पहाटे स्वारगेटला पोचायचे, चहा प्यायचे आणि मगच घरी यायचे.

त्या काळी प्रत्येक मोठ्या शहराच्या वेशीवर जकातनाका असे. रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग, हातात बिलांची चळत, खिडकीपाशी गर्दी. माल शहरात उतरवायचा असेल तर जकात भरा. उतरवायचा नसेल, फक्त शहरातून पुढे जायचे असेल, तरी तसा कागद करून घ्या. बिलातली किंमत खरी की खोटी यावर हुज्जत. डिझेल जळते ते वेगळे, झोप जाते ती वेगळी, आणि 'चहापाणी' वेगळे.

मी सातवीत होते. दुसऱ्या दिवशी ईद. अब्बा रात्री तीनपर्यंत येतो म्हणाले होते. एका शहराच्या नाक्यावर (शहराचे नाव सांगत नाही, कारण तेव्हा सगळे नाके सारखेच होते) त्यांच्या बिलावरचा एक आकडा नीट उमटला नव्हता. साहेब सकाळी येतील, तोवर गाडी बाजूला घे, असे सांगितले गेले. अब्बा घरी आले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. गोळीबार मैदानावरच्या ईदगाहची नमाज केव्हाच झाली होती. अम्मीने शीरखुर्मा गरम करून दिला. ते खाटेवर बसून शांतपणे प्यायले आणि इतकेच म्हणाले, "बेटा, जकात भरायला मी नाही म्हटलंच नव्हतं."

ते वाक्य मला अजून आठवते. पैसे द्यायला त्यांची तक्रार नव्हती. कोणत्या दराने, कोणत्या कारणाने, कुणाच्या मर्जीने, हे काहीच कळत नव्हते, ही तक्रार होती.

जकात गेली, पुढे काय झाले?

आता नाके उरले नाहीत. त्याचा क्रम तरुण वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगते. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात बंद झाली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. नाका गेला, पण हिशेबाची वही दुकानात आली. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली, ते अनेकांना आठवत असेल. १ ऑगस्ट २०१५ पासून वर्षाला ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना एलबीटीतून सोडवले गेले. मुंबईत मात्र जकात शेवटपर्यंत चालली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हे दोन्ही कर इतिहासजमा झाले. त्यासाठी राज्यघटनेच्या राज्यसूचीतली बावन्नावी नोंद, जिच्या आधारे शहरात येणाऱ्या मालावर कर घेता येत असे, तीच काढून टाकण्यात आली.

मुक्त बाजाराच्या बाजूने लिहिणारे अर्थशास्त्री जकातीविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत होते. त्यांचे म्हणणे समजायला सोपे आहे. गावागावात कुंपण घातले की देश एक बाजार राहत नाही. गाडी उभी राहिली की तिच्यातल्या मालाची किंमत वाढते आणि ती वाढ शेवटी गिऱ्हाईक भरते. शिवाय करावर कर बसतो. कोल्हापुरात एकदा, वाटेत एकदा, पुण्यात एकदा. अब्बांना अर्थशास्त्र येत नव्हते, पण यातले एकही वाक्य त्यांनी नाकारले नसते.

हा विचार केवळ पश्चिमेचा आहे असेही समजू नका. हदीसच्या ग्रंथांत येते की मदीनेत हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी मुसलमानांसाठी बाजाराची जागा ठरवून दिली आणि तिथे विकणाऱ्यांवर कर बसू नये असे सांगितले. भाव वाढले तेव्हा लोकांनी विनंती केली, आपण भाव ठरवून द्या. पैगंबरांनी (स.) नकार दिला. भाव कमी-जास्त करणारा अल्लाह आहे, आणि कुणाच्या जान-मालावर अन्याय केल्याचा दावा माझ्यावर नसावा, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य. अबू दाऊद आणि तिर्मिझी या दोन्ही संग्रहांत ही रिवायत आहे.

पुढे इब्ने खल्दून झाले. १३३२ साली ट्युनिसमध्ये जन्म, १४०६ मध्ये कैरोत इंतकाल. त्यांच्या 'मुकद्दिमा'त करांवर स्वतंत्र प्रकरण आहे. राज्य नवे असते तेव्हा कर हलके असतात, लोक उमेदीने कामाला लागतात आणि हलक्या करातूनही खजिना भरतो. मग दरबाराचा थाट वाढतो, कर वाढतात, लोकांची उमेद जाते, आणि जड करांतूनही खजिना भरेनासा होतो. राजाने स्वतःच व्यापारात पडू नये, कारण त्याच्यापुढे रयतेचा टिकाव लागत नाही, हेही त्यांनी लिहिले. १९८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी करकपातीच्या समर्थनासाठी त्यांचेच नाव घेतले होते. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका मुस्लिम काजीचे नाव व्हाइट हाउसपर्यंत गेले, आणि आपल्या मुलांना ते नाव ठाऊक नसते.

आणि ज़कात-उश्र यांचे दरच पाहा. पावसावर आलेल्या पिकातून दहावा हिस्सा, विहीर-मोट लावून काढलेल्या पिकातून विसावा, व्यापाराच्या मालातून चाळिसावा. जिथे माणसाची मेहनत आणि खर्च जास्त, तिथे हिस्सा कमी. कष्ट करणाऱ्याची उमेद मोडू नये, हे यापेक्षा सोपे कसे सांगायचे?

एका घरातले दोन वाद

इतके सगळे पटते. पण पुस्तकात पटलेले घरात पटवणे कठीण असते.

ज्या मुलीने वर्गात प्रश्न विचारला, तिचे वडील रिक्षा चालवतात. पालकसभेला तिची आई आली होती. मुलीच्या अभ्यासाचे बोलून झाल्यावर ती बसूनच राहिली. मी विचारले, "भाभी, काही अडचण?" ती म्हणाली, "टीचर, घरी बाप-लेकात बोलणं बंद आहे. तुम्ही समजावाल का?"

प्रकरण असे. मोठा मुलगा बावीस वर्षांचा. त्याला स्वतःच्या नावावर रिक्षाचा परवाना घ्यायचा आहे. वडील म्हणतात, घ्यायचा नाही. ते ज्या संघटनेच्या बैठकीला जातात, तिथे मागणी चालली आहे की नवे परवाने बंद करा. बापाने परवाने बंद करा म्हणून सही करायची आणि मुलाने त्याच कार्यालयात अर्ज करायचा, हे कसे जमावे?

पुढच्या शुक्रवारी जुम्म्यानंतर ते भाई स्वतः भेटायला आले. त्यांची बाजू त्यांनी मांडली आणि ती खोटी नाही. १९९७ पासून पुण्यासारख्या मोठ्या शहरांत रिक्षा परवान्यांच्या संख्येवर मर्यादा होती. २०१७ मध्ये राज्य सरकारने ती उठवली. त्यानंतर स्वारगेटच्या स्टँडवर रांग लांबत गेली. एसटीतून उतरणारा प्रवासी आधी मोबाइल काढतो. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस स्वारगेटपर्यंत मेट्रोही आली. आणि रिक्षाचे भाडे? ते सरकार ठरवते. १ सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. गॅस, टायर, मुलांची फी यांना कुणी भाव ठरवून दिलेला नाही.

"दार उघडलं ते ठीक," ते म्हणाले, "पण टीचर, माझे हात बांधून दार उघडलं."

मला हे वाक्य फार खरे वाटले. मुक्त बाजाराचा पक्ष घेणाऱ्यांनीही ते ऐकायला हवे. प्रवेश मोकळा करायचा, पण भाव मात्र कार्यालयात ठरवायचा; एकाला मीटर, दुसऱ्याला ॲपचा बदलता भाव, तिसऱ्याला काहीच नियम नाही; याला मुक्त बाजार म्हणत नाहीत. हे अर्धे उघडलेले दार आहे, आणि त्या फटीत नेमका गरीब माणूस अडकतो.

मग मी त्यांना एकच गोष्ट विचारली. "भाई, तुमचा परवाना कधीचा?"

"दोन हजार अठरा."

"आणि रिक्षा कधीपासून चालवता?"

ते थोडे थांबले. सोळा वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या परवान्यावर रिक्षा चालवली होती. रोज शिफ्टचे भाडे मालकाला द्यायचे, मग गॅस, मग जे उरेल ते घरी. मालक स्वतः रिक्षा चालवत नव्हता. त्याच्याकडे फक्त एक कागद होता. कागद दुर्मीळ होता म्हणून महाग होता. आणि तो दुर्मीळ आपोआप झाला नव्हता, नियमाने केला होता. सरकारला वाटले असेल की मर्यादा घातल्याने रिक्षावाल्याचे भले होईल. भले झाले ते ज्याच्याकडे कागद होता त्याचे. ज्याच्या हातात हँडल होते, तो रोज त्या कागदाचे भाडे भरत राहिला.

मी म्हटले, "आज दार बंद झालं, तर तुमचा कागद महाग होईल, हे खरं. पण तुमचा मुलगा त्या सोळा वर्षांत जाऊन उभा राहील."

ते काही बोलले नाहीत. चहा संपवला, सलाम केला आणि गेले.

बाजारालाही मुहतसिब लागतो

मी एकाच बाजूने बोलले असे वाटू नये म्हणून दुसरे पान उलटते. इमाम इब्ने तैमिया यांनी 'हिस्बा'वर लिहिताना भाव ठरवण्याचे दोन प्रकार वेगळे केले. टंचाई खरी असेल, विक्रेते प्रामाणिक असतील, तर बळजबरीने भाव पाडणे हा जुलूम. पण मूठभर लोक एकत्र येऊन माल दडवत असतील, लोकांची गरज ओळखून नाडत असतील, तर त्यांना वाजवी भावाने विकायला लावणे हा न्याय. म्हणूनच इस्लामी शहरांत मुहतसिब असे. वजनमाप तपासणे, भेसळ पकडणे, रस्ता अडवणाऱ्याला हटवणे ही त्याची कामे. हजरत उमर (रजि.) यांनी मदीनेच्या बाजारावर देखरेखीसाठी शिफा बिन्ते अब्दुल्लाह या सहाबियाला नेमले होते, असे काही रिवायतींत येते.

म्हणजे प्रश्न नियम हवेत की नकोत, असा नाही. रिक्षाचा ब्रेक चालतो का, मीटर खरा आहे का, चालकाकडे बॅज आहे का, हे पाहायलाच हवे. त्यात आपली मुले बसतात. पण रिक्षा किती असाव्यात आणि त्या कोणी चालवाव्यात हे कार्यालयात बसून ठरवणे, हे मुहतसिबाचे काम नव्हे. तसेच दंडाचे. रिक्षाच्या योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण लांबले की दिवसाला ५० रुपये असा दंड २०२४ मध्ये आकारला जाऊ लागला, तेव्हा राज्यभर आंदोलने झाली आणि सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. महिना-दोन महिने आजारी पडलेल्या माणसाला तो दंड काय करील, याचा हिशेब आधी केला असता तर स्थगितीची वेळच आली नसती.

आणि एक गोष्ट बाजार एकटा करणार नाही, हेही कबूल करावे. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली. तेव्हापासून जिथे फायदा नाही अशा वाडी-वस्तीवरही ती जाते. मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे. भोर-वेल्ह्याकडच्या माझ्या ओळखीच्या बायका त्यामुळे स्वारगेटला येऊन दवाखाना करून संध्याकाळी परत जातात. ही सवलत मला नको म्हणवत नाही. पण त्याच एसटीकडून राज्य सरकार वर्षानुवर्षे तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले आहे. एका खिशातून काढायचे, दुसऱ्या खिशात घालायचे आणि दोन्ही वेळा मोठी बातमी करायची. साध्या गृहिणीलाही कळेल की यात पैसा वाढत नाही, फक्त हिशेब अवघड होतो.

पैसा कुठे जातो, हे विचारणे

ज़कातीतली जी गोष्ट मला शिक्षिका म्हणून सर्वांत मोलाची वाटते, ती दराची नाही, खर्चाची आहे. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत ज़कात कुणावर खर्च करायची, ते आठ हक्कदार नेमून दिले आहेत. फकीर, मिस्कीन, वसुलीचे काम करणारे, ज्यांची मने जोडायची ते, गुलामांची सुटका, कर्जात बुडालेले, अल्लाहची वाट, वाटसरू. घेणाऱ्याच्या मर्जीवर काही ठेवलेले नाही. पहिल्या दिवसापासून देणाऱ्याला ठाऊक की पैसा कुठे जाणार.

आपल्या राज्यातही असे एकदा झाले आहे. माझ्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. वर्षाचे २,५००. राज्यघटनेने त्याहून जास्त घेता येणार नाही अशी मर्यादा घातली आहे. हा कर महाराष्ट्राने १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळानंतरचे दिवस होते. शहरातल्या पगारदाराने थोडे द्यायचे आणि खेड्यातल्या हाताला काम मिळायचे. दर ठाऊक, मर्यादा ठाऊक, कारण ठाऊक. आज किती पगारदारांना हे माहीत आहे? माझ्या शिक्षकखोलीत विचारले तर एकालाही सांगता आले नाही.

जकात गेल्याचा एक तोटाही इथे सांगायला हवा. जकात वाईट होती, पण तो पुण्याचा स्वतःचा पैसा होता. आता त्या जागी राज्य सरकारकडून भरपाईचे अनुदान येते. महापालिकेच्या हातात स्वतःचे म्हणून मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क उरले. ज्याच्याकडून पैसा येतो त्याच्याकडे तोंड वळते. महापालिकेचे तोंड मुंबईकडे वळले, तर पेठेतल्या तुंबलेल्या गटाराकडे तिची पाठ होणारच. त्यात मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासकानेच अंदाजपत्रक मांडले. आपण कर भरत होतो, पण विचारायचे कुणाला?

म्हणून मिळकतकराचे बिल आले की ते नीट वाचा. त्याचा फटका आमच्या शेजारच्या खालांना बसला. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून मिळकतकरात ४० टक्के सवलत होती. २०१९ मध्ये ती बंद झाली, आणि लोकांच्या मागणीनंतर २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. पण अनेकांना त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरून, या घरात मी स्वतः राहतो, याचा पुरावा जोडायचा होता. खालूंच्या इंतकालानंतर खाला एकट्या. बिल यायचे, त्या भाच्याकडे द्यायच्या, भाचा भरून टाकायचा. अर्जाचे कुणी वाचलेच नाही. दोष आमच्या गल्लीतल्या सगळ्या शिकलेल्यांचा आहे, त्यात मीही आले. आम्ही शेजारी राहून त्यांना बिर्याणी पाठवली, पण त्यांचे बिल वाचले नाही.

तेव्हा या महिन्याचे काम सांगते. सुट्टीच्या दिवशी घरच्यांनी मिळून एक कागद घ्यावा. आपले घर वर्षभरात कोणकोणते कर भरते ते लिहावे. मिळकतकर, पाणीपट्टी, व्यवसाय कर, गाडीचा कर, पेट्रोलवरचा कर, किराणा आणि कपड्यांवरचा जीएसटी. गरीब घर कर भरत नाही, हा गैरसमज त्या एका कागदाने जाईल. काडेपेटी विकत घेणाराही कर भरतो. मग समोर लिहावे, त्या बदल्यात आपल्या गल्लीत काय आले. जे आले नाही, ते वॉर्ड कार्यालयात जाऊन, अर्जावर सही करून, नम्रपणे विचारावे. आपल्या समाजात सरकारकडे मागायला जाणारे पुष्कळ आहेत. हिशेब विचारायला जाणारे कमी. मागणाऱ्याला रांगेत उभे करतात, हिशेब विचारणाऱ्याला खुर्ची देतात, हा माझा अनुभव आहे.

त्या घराचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ती मुलगी आली. भाईजानने अर्ज केला, आणि कागदपत्रे घेऊन अब्बू स्वतः त्याच्याबरोबर गेले.

"म्हणजे अब्बूंनी बैठकीला जाणं सोडलं?" मी विचारले.

"नाही टीचर, तिकडेही जातात." ती हसली. "पण आता म्हणतात, परवाने बंद करा म्हणू नका, भाडं आमचं आम्हाला ठरवू द्या म्हणा. लोक त्यांच्याशी भांडतात."

भांडू देत. अब्बांच्या वेळी नाक्यावर भांडायचीही सोय नव्हती.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो, देणाऱ्या हाताला समाधान देवो आणि घेणाऱ्या हाताला हिशेबाची भीती देवो. आमीन.